१२५२ मॅच खेळला आणि हॉल ऑफ फेमला मत पडलं एक??

एडिसनचा_बंड्या

मंडळी बेसबॉल कळणारं कोणी आहे का इथे? मी मूळचा नाशिकचा, न्यू जर्सीत येऊन आठ वर्षं झाली पण बेसबॉलच्या वाटेला कधी गेलो नव्हतो, आपलं क्रिकेट बरं. आता झालंय काय की सासरे आलेत पुण्याहून तीन महिन्यांसाठी आणि त्यांची शेजारच्या आजोबांशी भलतीच गट्टी जमलीय. आजोबा पक्के मेट्सवाले (न्यूयॉर्कची बेसबॉल टीम), गाडीवर स्टिकर, दारात झेंडा वगैरे. एकाला मराठी इंग्लिश येतं दुसऱ्याला अमेरिकन इंग्लिश, पण रोज संध्याकाळी दोघं मिळून जुन्या मॅचेस बघतात आणि तावातावाने बोलतात.

परवा मी पण जाऊन बसलो. १९९७ सालची बाल्टिमोर ओरिओल्सची कुठलीतरी मॅच लावली होती. मधेच मैदानाच्या मागच्या कुंपणाजवळून एक डावरा बॉलर (पिचर) आला, वय चाळीस तरी असेल, एका बॅटरला आउट केलं, लगेच मॅनेजर चालत आला, त्याच्या हातातून बॉल काढून घेतला आणि हा गेला परत! सासरे म्हणाले, "संपलं? आमच्याकडे पाणी घेऊन येणारा पोरगा याच्यापेक्षा जास्त वेळ थांबतो मैदानात."

आजोबा जरा दुखावले. म्हणाले हा जेसी ओरोस्को आहे, याच्याबद्दल असं बोलायचं नाही. मग घरी येऊन मी बघितलं तर २४ सीझन, ४६ वर्षांचा होईपर्यंत खेळत होता, एकूण १२५२ मॅच, आणि आजपर्यंत एकाही पिचरने एवढ्या मॅच खेळलेल्या नाहीत. म्हटलं मग हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) असेलच. तर २००९ ला नाव होतं मतदानात आणि मत पडलं एक. एक टक्का नाही हो, एक मत.

म्हणजे सचिनने सगळ्यात जास्त टेस्ट खेळल्या आणि त्याला कोणी विचारलंच नाही असं झालं की हे. मला कळेल अशा भाषेत सांगा, हा माणूस नुसता टिकून राहिला म्हणून आकडा मोठा झाला का खरंच काही होता?

शॉर्टलेग

यात कोडं काही नाहीये. १२५२ मॅचमध्ये मिळून याने इनिंग टाकल्या १२९५ आणि एक तृतीयांश. म्हणजे मॅचला सरासरी एक इनिंग, तीन आउट. त्या काळचा चांगला स्टार्टर (मॅचच्या सुरुवातीपासून टाकणारा पिचर) एका सीझनला २०० च्या वर इनिंग सहज टाकायचा. हिशोब कर, चोवीस वर्षांचं काम म्हणजे एका स्टार्टरची सहा-साडेसहा वर्षं. सचिनशी तुलना तर करूच नको, सचिन दिवसदिवस उभा राहायचा.

उतारवयात तर अजूनच मजा. १९९९ ला ६५ मॅच आणि फक्त ३२ इनिंग. म्हणजे मॅचला दीड आउट!! विकेटकीपरचे पॅड बांधून होईपर्यंत याचं काम संपलेलं.

आता मारियानो रिव्हेरा घे. तोही रिलीव्हरच (मधेच बदली येणारा पिचर), पण ६५२ सेव्ह (आघाडी राखून मॅच संपवली की मिळतो तो), पोस्टसीझनमधला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांतला) ईआरए (नऊ इनिंगला सरासरी किती रन दिले ते) ०.७०, आणि २०१९ ला ४२५ पैकी ४२५ मतं. शंभर टक्के. त्याच्याआधी कोणालाच मिळाली नव्हती, बेब रूथला पण नाही. ओरोस्कोचे सेव्ह १४४. जिंकल्या ८७, हरल्या ८०. बरा होता, टिकला, पगार घेतला, घरी गेला. बास.

क्वीन्सचे_काका

शॉर्टलेग, तुम्ही १९८६ ला कितवीत होतात? जन्मला होतात का? राग मानू नका पण आकडे बघून बोलणारे असं बोलतात म्हणून विचारलं.

बंड्या, तू बघितलास तो चाळिशीतला ओरोस्को. तो जणू निवृत्तीनंतर परत कामावर घेतलेला हेडक्लार्क, आमचा ओरोस्को वेगळा होता. मी १९८२ ला इथे आलो, फ्लशिंगमध्ये राहायचो, बाउन स्ट्रीटच्या गणपतीच्या देवळाजवळ. शेआ स्टेडियम हाकेच्या अंतरावर म्हटलं तरी चालेल, तिकीट स्वस्त, आणि सुरुवातीला मेट्सची टीम इतकी वाईट की हवी तिथे जागा. १९८३ ला तर शेवटच्या नंबरवर होती. त्या टीममध्ये या माणसाने ११० इनिंग टाकल्या, १३ मॅच जिंकल्या, १७ सेव्ह, ईआरए १.४७. साय यंग अवॉर्डच्या (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) मतदानात तिसरा आला, आणि तोही पडेल टीमकडून खेळून. पुढच्या वर्षी ३१ सेव्ह. दोन्ही वर्षी ऑलस्टार मॅचसाठी (निवडक खेळाडूंची मॅच) निवड. तेव्हा एका बॅटरपुरतं यायचं आणि जायचं असलं काही नव्हतं, दोन-दोन तीन-तीन इनिंग टाकायचा.

आणि मग १९८६. जरा लांबण लागेल पण लिहितोच.

आधी ह्यूस्टन ॲस्ट्रोजबरोबर सिरीज. ती सिरीज मेट्सने चार मॅच जिंकून घेतली, त्यातल्या तीन ओरोस्कोच्या नावावर. एका पोस्टसीझन सिरीजमध्ये तीन मॅच जिंकणारा पहिला रिलीव्हर. त्यातली सहावी मॅच, १५ ऑक्टोबर, ॲस्ट्रोडोममध्ये, दुपारी सुरू झाली ती संपेचना. सोळा इनिंग! (नेहमी नऊ असतात.) ऑफिसात कोणाचं कामात लक्ष नाही, रेडिओ लावून बसलेले सगळे, साहेबसुद्धा. चौदाव्या इनिंगला मेट्स एका रनने पुढे आणि ओरोस्को आला, तर बिली हॅचरने होमरन मारून मॅच परत बरोबरीत आणली. दुसरा कोणी असता तर गळपटला असता. सोळाव्यात मेट्सने तीन रन काढले, आणि खाली (त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात) याच ओरोस्कोने दोन देऊन टाकले, ७-६, दोन आउट, दोन रनर बेसवर, समोर केव्हिन बास. हाताचं पार भुस्काट झालेलं, तिसरी इनिंग चालू, फास्टबॉलमध्ये दम उरलेला नाही. फर्स्ट बेसवरचा कीथ हर्नांडेझ माउंडवर (पिचर उभा राहतो तो उंचवटा) येऊन दम देऊन गेला असं सांगतात, की आता फास्टबॉल टाकलात तर आपली मारामारी होईल. मग स्लायडरवर (शेवटी वळणारा बॉल) स्लायडर, स्लायडरवर स्लायडर, आणि बास स्ट्राइक आउट. आमच्या ऑफिसात एक आयरिश म्हातारा रडला होता.

मग वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, बॉस्टनबरोबर. सहावी मॅच सगळ्यांना माहीत आहे, बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायातून बॉल गेला ती. पण त्याच मॅचमध्ये आठव्या इनिंगला बॉस्टनचे रनर तिन्ही बेसवर, दोन आउट, समोर कोण तर हाच बकनर, डावखुरा. ओरोस्कोला आणलं, बकनरचा कॅच सेंटर फील्डला. तिथे बकनरने एक फटका दिला असता तर त्या रात्री त्याच्यावर ती वेळच आली नसती बिचाऱ्यावर.

सातवी मॅच पावसाने एक दिवस पुढे गेली, सोमवारी, २७ ऑक्टोबर. दिवाळी आठवड्यावर आलेली, बायको चकल्या करत होती आणि मी टीव्हीसमोरून हलत नव्हतो म्हणून बोलणी खात होतो. मेट्स ६-३ पुढे होते, आठव्यात बॉस्टनने ६-५ केलं, एकही आउट नाही आणि बरोबरीचा रन सेकंड बेसवर उभा. आला ओरोस्को. तीन बॅटर, तीन आउट, रनर होता तिथेच. शिवाय खालच्या अर्ध्यात स्वतः बॅटिंगला आला, आता हा पिचर, बंट करणार (बॅट आडवी धरून बॉल हळूच ढकलणार) म्हणून त्यांचे फील्डर पुढे धावले, आणि याने बंटची बॅट मागे घेऊन सरळ फटका मारला, मधून बॉल गेला, रन आला, त्या इनिंगला आधी एक आलाच होता, झाले ८-५. नवव्यात परत तीन आउट. शेवटचा मार्टी बॅरेट, स्ट्राइक आउट. ओरोस्कोने ग्लोव्ह आकाशात फेकला आणि गुडघ्यावर बसला दोन्ही हात वर करून. तो फोटो अजून या गावात पिझ्झाच्या दुकानांतून लागलेला असतो. मेट्स त्यानंतर आजतागायत जिंकलेले नाहीत, म्हणजे बघ.

चकल्या करपल्या होत्या त्या रात्री, ते वेगळं.

एडिसनचा_बंड्या

काका __/\__ सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले पाणीवाला शब्द मागे घेतो. पण मग प्रश्न जास्तच अवघड झाला ना, १९८६ ला हा हिरो होता तर पुढे एका एका बॅटरपुरता का यायला लागला? म्हातारा झाला म्हणून?

डावा_ऑर्थोडॉक्स

म्हातारा झाला हे अर्धं कारण. खेळ बदलला हे उरलेलं.

क्रिकेटमधून समजून घे. डावऱ्या पिचरचा बॉल डावखुऱ्या बॅटरला त्याच्या खांद्यामागून आल्यासारखा वाटतो, आधी अंगावर येतोय असं वाटून तो मागे सरकतो आणि स्लायडर शेवटच्या क्षणी बाहेर पळतो. उजव्या बॅटरला तोच स्लायडर आत येतो आणि हातून सुटल्यापासून दिसतो. म्हणून डावखुऱ्यासाठी डावरा पिचर आणायचा. हे ज्ञान जुनंच, पण साधारण १९९० च्या आसपास मॅनेजर लोकांनी त्याचं शास्त्र करून टाकलं, सातव्या-आठव्या इनिंगला समोरच्यांचा मोठा डावखुरा आला की फोन उचलायचा, बुलपेनमधून (राखीव पिचर बसतात ती जागा) डावरा बोलवायचा, एक आउट घ्यायचा, की लगेच उजव्याला बोलवायचं. एका आउटचा डावरा ही नोकरीच तयार झाली. ओरोस्को त्या नोकरीतला सगळ्यात सीनियर माणूस.

आणि शॉर्टलेग म्हणतात मॅचला दीड आउट. अहो पण तो दीड आउट कुठला ते बघा ना. कोणी नसताना मोकळ्या मैदानात मिळालेला नाही तो, दोन रनर बेसवर, एका रनाचा फरक, आणि समोर त्यांचा सगळ्यात दांडगा डावखुरा. चुकायला जागाच नाही. शिवाय बुलपेनमध्ये उठून हात गरम करायचा, मॅनेजरचा विचार बदलला की परत खाली बसायचं, असं किती रात्री झालं असेल ते त्या १२५२ मध्ये धरलेलंच नाही. खांद्याला मात्र सगळं मोजलं जातं.

सगळ्यात जास्त मॅच खेळलेल्या पिचर्सची यादी काढून बघ. पहिला ओरोस्को १२५२, दुसरा माइक स्टँटन ११७८, तिसरा जॉन फ्रँको १११९. तिघंही डावरे. रिव्हेरा १११५ वर चौथा.

मला स्वतःला ओरोस्को म्हटलं की पॅडी शिवलकर आठवतात. डावरा हात, ५८९ फर्स्टक्लास विकेट, १९७२-७३ च्या रणजी फायनलला मद्रासमध्ये १६ रनात ८ विकेट, आणि टेस्ट किती तर शून्य, कारण समोर बेदी होते. एकदा रिटायर झालेल्या माणसाला मुंबईने १९८७-८८ ला चाळिशी उलटून गेल्यावर परत बोलावलं. काही हात असे असतात की थकतच नाहीत, आणि ते थकत नाहीत म्हणून त्यांचं कोणाला काही वाटत नाही.

शॉर्टलेग

पॅडींना मधे आणू नका राव, तिथे मी हळवा होतो. आणि ती तुलना बसत पण नाही. पॅडी दिवसाला तीस-तीस ओव्हर टाकायचे, संघाचा भार त्यांच्यावर असायचा. त्यांना संधी मिळाली नाही. ओरोस्कोला संधी चोवीस वर्षं मिळाली.

काकांचं १९८६ मान्य, सपशेल. (मी १९८४ चा, चकली खात असेन, न करपलेली.) पण हॉल ऑफ फेम एका ऑक्टोबरवर देत नाहीत. आता बिली वॅग्नर बघा, तो पण डावरा, तो पण रिलीव्हर, ४२२ सेव्ह, इनिंग तर ९०३ च, ओरोस्कोपेक्षा कमी. तरी २०२५ ला घेतलाच ना त्याला, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी का होईना, ८२.५ टक्के मतं. सुरुवात साडेदहा टक्क्यांवरून झाली होती. का घेतला? कारण तो टाकत होता तेव्हा बॅटरला काही सुचत नव्हतं. गंमत म्हणजे वॅग्नर जन्माने उजवा, लहानपणी उजवा हात दोनदा मोडला म्हणून डाव्याने फेकायला लागला.

हा, नियमात एक गोची आहे ते मान्य. ७५ टक्के मिळाले तर आत, पण ५ टक्क्यांच्या खाली गेलात की पहिल्याच वर्षी नाव कायमचं कट. वॅग्नरला दहा वर्षं मिळाली लोकांचं मत बदलायला, ओरोस्कोला मिळाली एक दुपार. ४२४ सेव्हवाला फ्रँको पण असाच गेला पहिल्या वर्षी, ४.६ टक्के. तिथे माझं भांडण त्या नियमाशी आहे.

ट्रिव्हिया_ताई

कोणी कूसमनचं सांगितलंच नाही अजून?? माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट आहे ही.

मेट्स आजवर दोनदाच वर्ल्ड सिरीज जिंकलेत, १९६९ आणि १९८६. १९६९ ला शेवटचा आउट घेताना माउंडवर होता जेरी कूसमन. हाच कूसमन मेट्सने १९७८ च्या शेवटी मिनेसोटा ट्विन्सला देऊन टाकला, आणि त्याच्या बदल्यात जे मिळालं त्यात एक होता ट्विन्सचा विशीतला डावरा पोरगा, जेसी ओरोस्को. म्हणजे पहिली वर्ल्ड सिरीज संपवणारा देऊन दुसरी संपवणारा आणला, आणि तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं! अजून पुढे ऐका. १९६९ ला कूसमनने ज्या बॅटरला आउट करून मॅच संपवली तो होता बाल्टिमोरचा डेव्ही जॉन्सन. १९८६ ला मेट्सचा मॅनेजर कोण? डेव्ही जॉन्सन. आणि १९९७ ला बंड्याच्या सासऱ्यांनी बघितलेल्या मॅचमध्ये माउंडवर येऊन ओरोस्कोच्या हातून बॉल काढून घेणारा बाल्टिमोरचा मॅनेजर? तोच. डेव्ही जॉन्सन.

दुसरी गोष्ट. १९८८ ला ओरोस्को डॉजर्समध्ये गेला. सीझनच्या आधीच्या सरावात याने नव्याने आलेल्या कर्क गिब्सनच्या टोपीच्या आतल्या कडेला ते डोळ्याखाली लावायचं काळं असतं ना ते फासून ठेवलं, गंमत म्हणून. गिब्सनचं सगळं कपाळ काळं. तो इतका तडकला की मैदान सोडून निघून गेला, म्हणाला अशा पोरकट टीममध्ये मी आलोय का. त्यानंतर म्हणे टीम एकदम सरळ झाली, आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचला दोन्ही पाय दुखावलेल्या गिब्सनने लंगडत येऊन शेवटच्या बॉलला होमरन मारला तो डेनिस एकर्सलीला. आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये ओरोस्कोने सगळ्यात जास्त मॅचचा रेकॉर्ड मोडला तो कोणाचा, तर त्याच एकर्सलीचा, १०७१ चा. ओरोस्कोला १९८८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये एकही बॉल टाकायला मिळाला नाही, पण अंगठी मिळाली. माझ्या मते ती टोपीसाठी होती :D

आणि आपल्याकडचं एक, उत्तर प्रदेशातला भालाफेक करणारा रिंकू सिंग २००८ ला पिट्सबर्ग पायरेट्सने घेतला होता, तो पण डावरा रिलीव्हरच. खालच्या लीगमध्ये खेळला, वरपर्यंत काही पोचला नाही. डावऱ्या हाताला हे लोक कुठूनही शोधून आणतात.

डावा_ऑर्थोडॉक्स

ताई कूसमनचं माहीत नव्हतं, कमाल आहे.

एक राहिलं. बंड्या, हा १२५२ चा आकडा आता मोडणं जवळपास अशक्य आहे. २०२० पासून नियम आला की पिचर आणला की त्याने कमीत कमी तीन बॅटर खेळवायचे नाहीतर ती अर्धी इनिंग संपवायची (दुखापत झाली तर वेगळी गोष्ट). एका आउटची नोकरी कायद्यानेच बंद. तू त्या कॅसेटमध्ये बघितलंस ते आता प्रत्यक्ष बघायला मिळणार नाही. म्हणजे एक बॅटर आउट करून परत जायचं दृश्य दिसतं कधीकधी, इनिंग तिथेच संपली तर, पण रोजचा धंदा म्हणून नाही.

क्वीन्सचे_काका

शेवटचं वर्ष पण सांगतो, ते वाईट वाटण्यासारखं आहे. २००३, वय ४६. सॅन दिएगोने घेतला, तिथून यँकीजने (न्यूयॉर्कचीच दुसरी टीम), तिथून ऑगस्टच्या शेवटी मिनेसोटाने. एका सीझनमध्ये तीन टीम. ६५ मॅच झाल्या पण ईआरए सातच्या वर. मेट्सवाल्याला तो यँकीजच्या कपड्यात बघणं म्हणजे... जाऊ दे. पण मिनेसोटा म्हणजे ट्विन्स, जिथून पोरगा असताना त्याला सुरुवातीला घेतलं होतं तीच टीम, आणि त्यांच्यासाठी वरच्या लीगमध्ये तो पहिल्यांदा खेळला तो त्या शेवटच्या महिन्यात. १९७९ ला सुरू झाला आणि २००३ ला थांबला, चार दशकांत खेळला. पुढच्या वर्षासाठी ॲरिझोनाबरोबर करार पण झाला होता, मग जानेवारीत म्हणाला बास आता.

शॉर्टलेग, हॉल ऑफ फेममध्ये नाही घेतला तर नाही, माझी तक्रार नाही. पण ते एक मत ज्याने कोणी दिलं त्याला मी चहा पाजीन.

शॉर्टलेग

काका एका मताला माझी हरकत नाही. पाच टक्के द्यायला हवे होते एवढं मीही म्हणतो, निदान पुढच्या वर्षी परत भांडता आलं असतं.

एडिसनचा_बंड्या

सगळ्यांचे आभार, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. काल आजोबांकडे १९८६ ची सातवी मॅच बघितली पूर्ण. डेव्ही जॉन्सनचं ताईंनी लिहिलेलं मी आजोबांना सांगितलं, त्यांना सगळं माहीत होतं अर्थात, पण मला माहीत आहे याचं त्यांना फार कौतुक वाटलं. बंटवाल्या बॉलला सासरे उठून उभे राहिले.

आता नवीन भानगड. माझी पोरगी पाच वर्षांची, डावखुरी, सासूबाई आल्यापासून जेवताना उजवा हात उजवा हात चाललेलं. काल रात्री सासऱ्यांनी जाहीर केलं की जेवू दे उजव्याने पण फेकायचं डाव्यानेच, आणि आज दुपारी दोघं म्हातारे परस्पर दुकानात जाऊन तिच्यासाठी ग्लोव्ह घेऊन आले. घरी आल्यावर कळलं की तो उजव्या हाताने फेकणाऱ्यांचा आहे. डावऱ्यांचा ग्लोव्ह उजव्या हातात घालायचा असतो आणि वेगळा मागावा लागतो. मेट्सवाले आजोबा पन्नास वर्षं मॅच बघतायत, त्यांच्या पण लक्षात आलं नाही! उद्या पावती घेऊन बदलायला जातोय.